जेऊरची हिरवी रेषा

शनिवार, 22 जानेवारी 1898. पौष अमावास्या. तुम्ही निघोज्याच्या शिवारात उभे आहात. शाळू हुरड्यात आला आहे, हरभऱ्याला घाटे धरले आहेत. खाली इंद्रायणी आहे, देहूवरून आलेली आणि आळंदीकडे निघालेली. आभाळ मोकळं आहे, दुपार चढलेली आहे, आणि तरी उन्हाची धग उतरत चालली आहे. अंगावर ऊन आहे पण त्यात जीव नाही.

गावात चुली विझवलेल्या आहेत. पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं पडली आहेत. एका ओसरीवरून म्हातारी सुनेवर ओरडते आहे, "अगं ए, विळीला हात लावू नगंस. आत बस जा." सून पोटुशी आहे. वाटेवरून हाळी येते, "दे दान, सुटे गिराण," आणि घराघरातून सूप-पसा धान्य बाहेर येतं. काही माणसं नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जप करत आहेत, ग्रहण सुटेपर्यंत ती बाहेर यायची नाहीत. यंदा भीती जरा जास्तच आहे. गेलं वर्ष पुण्यात प्लेगने खाल्लं. जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि ती झाडणारा दामोदर चापेकर इथून फार लांब नसलेल्या चिंचवडचा. तो कैदेत आहे. टिळकही तुरुंगात आहेत. अशा वर्षी भर दुपारी सूर्य झाकोळतो, तेव्हा लोकांनी काय समजायचं?

तुम्ही चिंचेखाली जा आणि जमिनीकडे बघा. एरवी पानांच्या फटींतून गोल कवडसे पडतात. आज एकही गोल नाही. मातीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या आहेत, सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या. पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याचं चित्र खाली टाकते आहे. ऐन ग्रहणात या कोरी आणखी बारीक होतील, पण विझणार नाहीत. निघोज्याला खग्रास नाही. चंद्राची गडद सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून तिरकी ईशान्येला निघाली आहे, सोलापूर जिल्ह्यातून, वऱ्हाडातून, पार बिहारातल्या बक्सरकडे. तिचा पट्टा शंभर किलोमीटरही रुंद नाही, आणि निघोजे त्याच्या बरंच बाहेर पडतं.

या कोरी ध्यानात ठेवा. आता आदल्या रात्रीत मागे या आणि पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी धरा. दौंड मागे पडतं, भिगवण मागे पडतं. उजनीचं धरण अजून कुणाच्या स्वप्नातही नाही, भीमा आपल्या मूळच्या पात्रातून वाहते आहे. सकाळी तुम्ही जेऊरला उतरता. करमाळा तालुका, सपाट माळ, कोरडी हवा, आणि रेल्वेचं स्टेशन. सावलीच्या मध्यरेषेजवळ असलेली आणि जड सामान गाडीने आणता येईल अशी जागा शोधली, तर बोट इथेच येतं. म्हणून या माळावर तंबू आहेत. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल इथे पत्नी एलिझाबेथसह आले आहेत. त्यांनी 40 फूट लांबीचा कॅमेरा उभा केला आहे, आणि करमाळ्याच्या माळावर तो असा दिसतो की बैल बुजतात. जपानचे खगोलशास्त्रज्ञही आले आहेत. आणि एक छावणी पुण्याची आहे.

तिचे प्रमुख आहेत चाळिशीतले एक पारशी प्राध्यापक, कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवतात. हेच कॉलेज पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ओळखलं जाईल, आजचं सीओईपी. तुम्ही त्यांच्यासाठीच एवढ्या लांब आलात.

त्यांच्या यंत्रांकडे नीट बघा. कॅमेऱ्यांपुढे काचेचे त्रिकोणी लोलक बसवलेले आहेत. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश आधी एका अरुंद फटीतून आत घ्यावा लागतो, मग लोलक त्याचे रंग पसरतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याची खूण त्या फटीच्या आकाराची, म्हणजे सरळ रेषेसारखी उमटते. इथे फट नाही. खग्रासाच्या उंबरठ्यावर सूर्याची उरलेली केसाएवढी कोर हीच फट. त्यामुळे काचेवर सरळ रेषा उमटत नाहीत, कमानी उमटतात. निघोज्याच्या चिंचेखाली ज्या कोरी तुम्ही पाहिल्यात, त्याच इथे लोलकातून जाऊन रंगारंगांत वेगळ्या होतात. एक कोर हायड्रोजनच्या तांबड्या रंगात, एक हेलियमच्या पिवळ्यात, दोन कॅल्शियमच्या जांभळ्यात.

वेळ जवळ आली. अशा छावणीत एक जण मोठ्याने सेकंद मोजत असतो, बाकीच्यांनी आकाशाकडे न बघता आपापली काच बदलायची असते. वर्षावर्षांची तयारी असते आणि हाती दोन मिनिटं. पश्चिमेकडून सावली जमिनीवरून धावत येते. हवा एकदम गार होते. पाखरं झाडांवर परततात, स्टेशनजवळच्या गर्दीतून एक मोठा आवाज उठतो आणि थांबतो. शेवटचा ठिपका विझतो.

आणि त्याच क्षणी जे होतं त्यासाठी हे सगळे लोक समुद्र ओलांडून आलेत. एरवी सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. म्युनिकजवळ काचा घडवणाऱ्या योझेफ फ्राउनहोफरने 1814 साली त्या पाचशेहून जास्त मोजल्या, ठळक रेषांना अक्षरं दिली, आणि आजही जगभर त्यांना फ्राउनहोफर रेषा म्हणतात. कोणत्या मूलद्रव्याने प्रकाशाचा कोणता घास घेतला, ते या काळ्या रेषा सांगतात. सूर्याची तबकडी झाकली गेली की तिच्यावरचा पातळ तापलेला थर तेवढा दोन-तीन सेकंद उघडा राहतो. मागून येणारा झगझगीत प्रकाश नसतो. मग काळ्या रेषा उलटतात. शेकडो काळ्या रेषांच्या जागी शेकडो तेजस्वी कमानी लखकन पेटतात आणि विझतात. त्याला क्षणदीप्त वर्णपट म्हणतात. तुम्ही लोलकातून बघत असलात, तर हे विसरता येणार नाही. पुण्याच्या छावणीने ते काचेवर पकडलं.

आता डोळे वर करा. काळ्या चंद्राभोवती मोतिया रंगाचं प्रभामंडल पसरलं आहे, लांब पाकळ्या दोन्ही बाजूंना निघाल्या आहेत. शेजारी शुक्र भर दुपारी चमकतो आहे. त्या मोतिया प्रकाशाचा वर्णपट काढला तर त्यात एक हिरवी रेषा उजळते. ती 1869 सालच्या ग्रहणात पहिल्यांदा सापडली. पृथ्वीवरचं कुठलंही मूलद्रव्य तापवून ती मिळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी समजूत करून घेतली की सूर्याच्या प्रभामंडलात एक अनोळखी मूलद्रव्य आहे. त्याचं नावही ठेवलं, कोरोनियम. जेऊरच्या माळावर आज ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात ती रेषा आहे, ते सगळे याच नावाने तिचा विचार करत आहेत. याच ग्रहणात तिची जागा नीट मोजली जाईल, आधीच्या मापात चूक होती असं ठरेल, आणि तरी कोडं आणखी 40 वर्षं सुटायचं नाही.

दोन मिनिटं संपतात. हिऱ्याच्या अंगठीसारखा उजेडाचा पहिला बिंदू फुटतो. कोणीतरी काच झाकतं.

जेऊर सोडा आणि काळात आणखी मागे या. 1891 चा हिवाळा, पुणे, संगमाजवळचं कॉलेज. रात्रीचा दुसरा प्रहर. मुळा-मुठेकडून गारठा येतो आहे. कॉलेजच्या आवारात एक फिरता घुमट आहे आणि आत दुर्बीण. ही वेधशाळा कशी उभी राहिली, तेही सांगायला हवं, कारण त्यातच तिच्या नावाचा उगम आहे. नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते तेव्हा, 1882 मध्ये, भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी तिथे वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी 5000 रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले. नायगमवाला सामान घ्यायला इंग्लंडला गेले आणि तिथे जाणकारांनी त्यांना सांगितलं की नुसती प्रयोगशाळा कशाला, वर्णपटाची वेधशाळाच उभारा. मुंबईच्या दमट आकाशापेक्षा पुणं बरं, म्हणून 1885 मध्ये ते पुण्यात आले आणि 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची 20 इंची आरशाची दुर्बीण तिथे बसली. कित्येक वर्षं देशातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होती. माझ्या माहितीतल्या किती पुणेकरांना हे ठाऊक आहे, ते आठवून बघितलं तर वाईट वाटतं.

घुमटाची फट मृगाकडे वळवलेली आहे. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या खाली जो अंधुक डाग दिसतो, तो तेजोमेघ. दोन वर्षांनी याच शहरातल्या टिळकांचा 'ओरायन' छापून होईल, त्यात याच नक्षत्रावरून वेदांचं वय काढलेलं असेल. एका गावात, एका काळात, दोन माणसं मृगाकडे बघत होती, एकाच्या हाती ऋचा होत्या आणि दुसऱ्याच्या हाती लोलक. मला हे पुण्याच्या इतिहासातलं फार लोभस दृश्य वाटतं.

नायगमवाला त्या डागाच्या प्रकाशातली एक हिरवी रेषा तपासत आहेत. ही जेऊरची नव्हे, ही दुसरी. या रेषेवरून तेव्हा इंग्लंडात मोठा वाद चालू होता. नॉर्मन लॉकियर म्हणजे त्या काळचं मोठं प्रस्थ. सूर्यातलं हेलियम ओळखणारा माणूस, 'नेचर' हे साप्ताहिक काढणारा संपादक. त्यांचं म्हणणं होतं की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड. तसं असेल तर रेषेची एक बाजू पुसट, पसरलेली दिसली पाहिजे. इंग्लंडात विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हतं.

तुम्ही डोळा लावा. आधी काहीच दिसत नाही. अंधाराला नजर सरावली की काळोखात एक हिरवी रेघ तरंगताना दिसते. फट अरुंद करा, रुंद करा, लोलकांची ताकद वाढवा. रेघ दोन्ही बाजूंनी तीक्ष्ण राहते. कुठलीही बाजू पसरत नाही. नायगमवालांनी नेमकं हेच नोंदवलं आणि लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवलं. पुण्याच्या एका प्राध्यापकाने, वसाहतीतल्या एका कॉलेजातून, लॉकियर यांच्या लाडक्या सिद्धांताविरुद्ध साक्ष दिली. आवाज चढवला नाही, जे दिसलं ते लिहिलं. मला त्यांचं हे काम ग्रहणाहूनही मोठं वाटतं. ग्रहणाला पाहुणे येतात, वर्तमानपत्रं लिहितात. थंडीच्या रात्री एका रेघेची कड तीक्ष्ण आहे की पुसट, हे तासन् तास बघत बसायला वेगळीच चिकाटी लागते.

लॉकियर चुकले होते. पण त्या हिरव्या रेघेचं खरं नाव कुणालाच कळलं नव्हतं. तिच्यासाठीही एक मूलद्रव्य कल्पून झालं होतं, नेब्युलियम. 1927 मध्ये अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो आपला रोजचा प्राणवायू, ऑक्सिजन. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतक्या विरळ जागी असलेला की पृथ्वीवरच्या कुठल्याही नळीत ती अवस्था साधत नाही. नेब्युलियम नाहीसं झालं.

आता परत 1898 च्या त्याच दुपारी या, पण यावेळी विजयदुर्गावर. तटावर समुद्राचा वारा आहे, खाली ब्रिटिश आरमाराचं मेल्पोमिनी जहाज नांगरलेलं आहे, आणि त्याचे खलाशी सर नॉर्मन लॉकियर यांच्या हाताखाली यंत्रं चालवत आहेत. यंत्रं ठेवायला बांधलेले कट्टे किल्ल्यावर अजून आहेत. लोक त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. हेलियमचा शोध इथेच लागला असंही गावात सांगतात, आणि 18 ऑगस्टला तिथे हेलियमचा दिवस साजरा होतो. 18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण भारतातून दिसलं होतं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपट बघत होते. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडातच होते. त्यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाची वाट न बघता, घरच्या दुर्बिणीतून पाहिली. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी. तोवर 1895 मध्ये रॅम्झे यांना पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडलं होतं, आणि लॉकियर यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. विजयदुर्गकरांचा त्या कट्ट्यांवर जीव आहे, तो असाच राहावा. त्यांची गोष्ट खऱ्या तारखांनिशी सांगितली तरी तिची शोभा तसूभर कमी होत नाही.

त्याच दुपारी एकाच सावलीखाली कितीजण उभे आहेत ते बघा. विजयदुर्गावर लॉकियर. जेऊरला कॅम्पबेल. वऱ्हाडात तळणीला जॉन एव्हरशेड, तेही क्षणदीप्त वर्णपट टिपत आहेत. चंद्राचा नकाशा उघडलात तर तिघांच्या नावाची विवरं सापडतील. हगिन्स आहेत, फ्राउनहोफर आहेत. सूर्यावरच्या डागांतून वायू बाहेर वाहतो, त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात. नायगमवाला त्या नकाशावर नाहीत.

पुढची खेप 1912 ची, आणि ती लवकर उरकू, कारण ती बघवत नाही. नायगमवाला निवृत्त झाले आहेत. ते गेले तशी वेधशाळाही गेली. सरकारला ती चालवायची नाही. घुमटाखाली लाकडी खोकी ठेवली आहेत, गवत आहे, आरसा कापडात गुंडाळला जातो आहे. सगळं सामान दक्षिणेला कोडईकनालच्या वेधशाळेत जायचं आहे. तिथे आता प्रमुख कोण? तळणीहून त्याच ग्रहणाचा वर्णपट टिपणारे एव्हरशेड. म्हणजे पुण्याची दुर्बीण तिची किंमत जाणणाऱ्या माणसाच्या हाती गेली, एवढं समाधान. तिथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली. ज्यांनी पैसे दिले त्यांचं नाव वेधशाळेलाही लागलं आणि दुर्बिणीलाही. ते रास्तच आहे, तख्तसिंहजींनी त्या काळात वर्णपटासाठी पैसे दिले हे सोपं नव्हतं. पण ज्याने चोवीस वर्षं त्या दुर्बिणीमागे रात्री घालवल्या, त्याचं नाव कशाला तरी लागावं असं मला मनापासून वाटतं. जेऊर स्टेशनच्या फलाटावर त्याच्या नावाची पाटी हवी. संगमाजवळच्या कॉलेजात एखादी प्रयोगशाळा त्याच्या नावाने हवी. आणि निघोज्याभोवतीच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात तर नक्कीच हवी. का, ते तुम्ही निघोज्यात याल तेव्हा कळेल.

त्याआधी कोरोनियमचा निकाल ऐका. ग्रोट्रियान यांनी 1939 मध्ये धागा पकडला आणि स्वीडनचे एडलेन यांनी दोन वर्षांत तो सोडवला. जेऊरला दिसलेली ती हिरवी रेषा लोखंडाची होती. लोखंडाच्या अणूत 26 इलेक्ट्रॉन असतात. त्यातले 13, बरोबर निम्मे, ओरबाडून निघाले की ती रेषा उमटते. त्यासाठी दहा-वीस लाख अंश तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांवर, आणि त्याच्या वरची पातळ हवा लाखो अंशांवर, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ती हवा इतकी का तापते याचा शोध अजून चालू आहे. सप्टेंबर 2023 मध्ये भारताने आदित्य एल-1 पाठवलं. त्यावरचं एक यंत्र याच हिरव्या रेषेवर नजर ठेवून आहे. ते बंगळूरच्या ज्या संस्थेने बांधलं ती कोडईकनालच्या वेधशाळेची वारस, म्हणजे पुण्याची खोकी जिथे पोचली तिचीच. आणि त्याच यानावरची अतिनील किरणांत सूर्य बघणारी दुर्बीण पुण्यात, आयुकात घडली.

आता निघोजे. आजचं. तळवड्याकडून पूल ओलांडून या, किंवा महाळुंग्याकडून. रस्त्यावर कंटेनर लागलेले आहेत, शिफ्ट सुटली आहे, गळ्यात आयकार्ड घातलेली पोरं हेल्मेट काखेत धरून वडापावच्या गाडीभोवती उभी आहेत. महिंद्राचा कारखाना निघोज्याच्या जमिनीवर आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या पत्त्यातही निघोजे आहे. त्यांना माल पुरवणाऱ्या लहानमोठ्या शेड गल्लोगल्ली आहेत. अशाच एका शेडमध्ये शिरा. सीएनसीच्या रांगेमागे, काचेच्या दाराआड, एसी लावलेली छोटी खोली. क्वालिटी लॅब.

आत कपाटाएवढं एक यंत्र आहे. पट्ट्यात त्याला सगळे स्पेक्ट्रो म्हणतात. 'स्पेक्ट्रो मार', 'स्पेक्ट्रोला पाठव', 'स्पेक्ट्रो रिपोर्ट लाव', दिवसातून कितीदा हे शब्द कानावर पडतात. समोर परभणीकडची, डिप्लोमा झालेली एक मुलगी उभी आहे. तिच्या हातात नुकत्याच आलेल्या लॉटमधून कापलेला पोलादाचा तुकडा आहे. टोकाला रंगाची खूण, सोबत टीसी, म्हणजे मालाचं चाचणी प्रमाणपत्र. टीसीवर लिहिलंय 20 एमएनसीआर 5, म्हणजे गिअर बनवायचं पोलाद. कार्बन कमी, मँगनीज आणि क्रोमियम टक्क्याच्या वर.

ती तुकडा बेल्टवर घासते, वरचा गंज आणि पपडी काढते, तोंड लख्ख करते. त्या तोंडाला बोट लागू देत नाही. मग तो भोकावर उपडा ठेवते आणि चाप खाली घेते. आत आरगॉन वायू सुटतो, त्याची बारीक शीळ ऐकू येते. आरगॉन का? कार्बनची खूण 193 नॅनोमीटरजवळ, अतिनील टोकाला असते, आणि तिथला प्रकाश साधी हवा वाटेतच गिळून टाकते. म्हणून हवा हाकलायची. मुलगी बटण दाबते. खालच्या टंगस्टनच्या टोकातून तुकड्यावर ठिणग्या पडतात, चर्रर्र आवाज होतो. त्या ठिणगीत धातूचा कणभर भाग वाफ होऊन क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त तापतो आणि आपल्या रंगांत चमकतो. तो प्रकाश एका अरुंद फटीतून आत जातो. लोलकाच्या जागी आता हजारो बारीक चरे पाडलेली जाळी आहे, ती प्रकाशाचे रंग वेगळे करते, आणि संवेदक प्रत्येक रेषेचा उजेड मोजतात. फट, रंग पसरणारी काच, रेषा, मोजणी. संगमाजवळच्या घुमटात हेच होतं. लोखंडाच्या रेषा इथे हजारोंनी आहेत. बाकी सगळ्यांचा उजेड लोखंडाच्या एका रेषेशी ताडून बघतात, कारण पोलादात लोखंड सगळ्यात जास्त आणि सगळ्यात भरवशाचं.

निघोज्याच्या तुकड्यातलं लोखंड आणि जेऊरच्या आकाशातलं लोखंड एकच. तिथे ते अर्धे इलेक्ट्रॉन गमावून हिरवं चमकत होतं, इथे एखादा गमावून किंवा एकही न गमावता चमकतं. पुण्यात 1888 मध्ये प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याचा उद्योग ज्याने संस्था म्हणून उभा केला, त्याचंच काम या पट्ट्यात तिन्ही शिफ्टला चालू आहे. ही मुलगी, तिच्यासारखी शेकडो पोरं-पोरी, वर्णपट वाचून पोटाला लागली आहेत. त्यांना फ्राउनहोफर शिकवला जात असेल, तर नायगमवालाही शिकवला जावा.

पडद्यावर आकडे येतात. तुकड्यावर काळ्या कडेचा गोल डाग पडला आहे. मुलगी तुकडा जरा सरकवून दुसरा डाग पाडते, मग तिसरा. सरासरी निघते. कार्बन 0.42. मँगनीज 0.74. क्रोमियम जवळजवळ नाहीच.

ती यंत्रावर संशय घेते, जे बरोबर आहे. ड्रॉवरमधला प्रमाणित नमुना काढून तो मारते. नमुना बरोबर येतो. म्हणजे यंत्र ठीक, माल चुकलेला. टीसी एका ग्रेडची आणि बार दुसऱ्याच, ईएन-8 चा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, तोच करडा रंग, तीच चमक. हा बार पुढे गेला असता, त्याचा गिअर झाला असता, कार्बन मुरवून कडक केला असता, तर वरच्या थरासोबत गाभाही ठिसूळ झाला असता आणि कुणाच्या तरी गाडीत, कुठल्या तरी घाटात दात तुटला असता.

मुलगी लाल टॅग लावते. फोन उचलते.

"दादा, आत्ता आलेला तो लॉट आत घेऊ नका. ईएन-8 आहे हा. हो, तीन बर्न मारलेत, स्टँडर्डही चेक केलाय. आणि खालच्या बंडलातला एक बार कापून पाठवा ना लगेच, तोपण बघते."